टकलावरचा थेंब

पानशेतला एका माकडाने माझाच नारळ पळवला आणि झाडावरून माझ्याच गाडीच्या सनरूफवर सोडला! नसरापूरच्या एका वयस्कर कारागिरांनी दिवसभर वाकून नवी काच बसवली. मग मला वरून बादलीभर पाणी ओतायला सांगून ते स्वतः काचेखाली टक्कल वर करून बसले. काम तपासायची त्यांची हीच रीत. टकलावर नेमका एक थेंब पडला. समोर त्यांची वेल्ह्याची शेवटची एसटी उभी होती.

"एकच थेंब आहे हो. निघा तुम्ही," मी म्हणालो.

ते कंबर धरून उतरले. "थेंब कदी येकटा येतो व्हय, सायेब? मागनं समदा गोतावळा येतो."

एसटी सुटली. तिच्याकडे एकदा बघून त्यांनी स्क्रू पुन्हा सोडवायला घेतले. मी गुपचूप बादली भरायला गेलो.