घरचे अकरा

क्रिकेट मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुण्यात आमचं घर एका जिमखान्याच्या कंपाउंडला लागून होतं. वडील मेंबर नव्हते, पण रविवारी कंपाउंडला टेकून अख्खी मॅच बघायचे आणि आई आत पानं वाढून बसायची. त्यामुळे क्रिकेट म्हणजे निवलेली आमटी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे नवराही नेमका तसलाच मिळाला. तो ऑस्ट्रेलियात, टूवूंबा नावाच्या गावी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या टीमचा विकेटकीपर. आता त्या टीममध्ये निम्मी माणसं पुण्यामुंबईची आहेत, तो भाग वेगळा.

मी इथल्या युनिव्हर्सिटीत मृदाशास्त्र शिकवते. आजोबांची ओळख झाली ती मातीमुळेच. ते काही आमचे कुणी नव्हेत. गावाबाहेर पाऊण तासावर त्यांची शेती आणि जुनं दगडी घर. ऐंशी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच राहायचे. त्यांना सगळे सरळ पहिल्या नावाने हाक मारत. मला बाई ते शेवटपर्यंत जमलं नाही. आमच्या घरात त्यांचं नाव आजोबा पडलं, आणि पुढे त्यांना तो शब्द कळला तेव्हा ते खूश झाले.

त्यांच्या घरच्या ग्राउंडचं पिच फार भेगाळत होतं म्हणून त्यांनी फोन केला होता. घरचं ग्राउंड! मी कुरकुरतच गेले. फाटकातून गाडी वळली तर दोन्ही बाजूंना ओकची झाडं, उन्हाने वैतागलेली. आजोबांचे पणजोबा इंग्लंडहून आले ते काकांच्या इस्टेटीचा नकाशा डोक्यात घेऊनच. या रखरखाटात त्यांनी ओक लावले, टेनिसचं लॉन केलं, घोड्यांची पागा बांधली, आणि पांढऱ्या कठड्याच्या पॅव्हेलियनसकट क्रिकेटचं ग्राउंड केलं. आपली माणसं इथे आल्याबरोबर कुंडीत तुळस लावतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त कुंडी जरा मोठी.

हॉलच्या भिंतीवर ओळीने फोटो होते. लाल कोट घालून घोड्यावर बसलेले शिकारी, त्यांच्या पायाशी कुत्र्यांची झुंड. या देशात कोल्हे नव्हतेच म्हणे. शिकारीची हौस भागावी म्हणून ते विलायतेहून आणून सोडले, आणि आता ते कुणालाच आवरत नाहीत. मग टेनिसच्या रॅकेटी घेतलेल्या लांब झग्यातल्या बायका, आणि मग क्रिकेटच्या टीमा. त्यांच्याआधी ही जमीन ज्यांची होती, ती माणसं एकाही फोटोत नव्हती. माझ्या जिभेला हाड नाही, मी ते बोलून दाखवलं. आजोबांनी फोटोंच्या ओळीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "नाहीत. लहानपणी मी हे विचारलं होतं, तेव्हा मला जेवणाच्या टेबलावरून उठवलं होतं."

तिथे माझं त्यांच्याशी जमलं.

माती बघितली आणि मला हसूच आलं. आपल्याकडे कपाशीच्या रानात असते तीच काळी, चिवट माती. पाणी मिळालं की फुगणार, ऊन लागलं की भेगाळणार. मी ओला गोळा चिमटीत घेऊन त्याची पट्टी काढून दाखवली, तर त्यांनीही गोळा उचलला आणि माझ्यापेक्षा लांब पट्टी काढायच्या ईर्षेला पेटले. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी तिकडे जायला लागले. या गावात मातीबद्दल तासभर बोलणारा तो एकटाच माणूस होता. त्यांच्या त्या थंडगार स्वयंपाकघरात बसून कपावर कप चहा व्हायचा.

दरवर्षी एप्रिलमध्ये, इथला उन्हाळा संपून हवा जरा निवली की तिथे एक मॅच व्हायची. घर विरुद्ध गाव. गावाकडून कुणीही खेळावं. घराच्या टीमला मात्र एकच नियम होता, पणजोबांपासून चालत आलेला: आदल्या रात्री जो या छपराखाली झोपला, तोच घराकडून खेळणार. विलायतेत म्हणे अशा घरांत पाहुणे आठवडाभर येऊन राहात आणि त्यांच्यातूनच टीम व्हायची. इथेही मग चुलतभाऊ, मेंढ्यांची लोकर कापणारे, शेजारचे शेतकरी, सगळे आदल्या संध्याकाळी अंथरूण घेऊन यायचे. कोण खानदानी आणि कोण गडी, हे त्या एका दिवसापुरतं कुणी विचारत नसे. आजोबांना मॅचपेक्षा याचंच अप्रूप जास्त होतं.

त्या वर्षी घराचे अकरा भरत नव्हते. चुलतभाऊ गेले किंवा थकले, शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या. आणि त्याला फार मोठा अर्थ होता. आदल्या हिवाळ्यात आजोबा मागच्या पायरीवरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. त्यांची एकुलती मुलगी सिडनीत असते, माझ्याच वयाची. ती धावत आली, आणि गावातल्या वृद्धाश्रमात खोली घ्या म्हणून हटून बसली. दोघांची खडाजंगी झाली. शेवटी आजोबांनी शब्द दिला: ज्या वर्षी घर अकरा माणसं उभी करू शकणार नाही, त्या वर्षी मी सामान बांधीन. म्हातारा आपल्याच शब्दात अडकला होता.

मला हे कळलं ते चहा पिताना. मी म्हटलं, "नियमात नातेवाईक असं कुठे म्हटलंय? झोपलं की झालं ना?"

"झोपलं की झालं," ते म्हणाले.

"मग गाद्या आम्ही आणतो."

आमच्या टीमचा कॅप्टन म्हणजे नवऱ्याचा मित्र, युनीत कॉम्प्युटर शिकवतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, प्रॉब्लेमच नाही! आपल्याकडे खेळायला वीस जण आहेत, निम्म्यांना चान्सच मिळत नाही. पण शुक्रवारी आर्व्होला काहींच्या शिफ्ट आहेत यार." आर्व्हो म्हणजे इथल्या बोलीत दुपार. इकडून तिकडून ओढून दहा झाले. अकरावं कुणी मिळेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ब्रिस्बेनला शिकणाऱ्या मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, सिरियसली? यू डोन्ट इव्हन नो द रूल्स." म्हटलं, झोपता येतं ना, बास.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. शिकाऱ्यांच्या फोटोंखाली हॉलभर गाद्या पसरल्या, उशांवरून भांडणं झाली, कुणीतरी घोरणाऱ्यांची वेगळी लाइन लावली. पार लग्नघर झालं. आजोबांची मुलगीही सिडनीहून आली होती. ती दारात उभी राहून बघत होती. चेहऱ्यावर हसूही होतं आणि काळजीही. मला म्हणाली, "तुम्ही फार चांगलं करताय. पण डॅड परत पडला तर मी विमानात असेन." मला म्हाताऱ्याने राहावं असं वाटत होतं आणि तिचंही चूक नव्हतं.

सकाळी मी आजोबांच्या सर्वांत मोठ्या पातेल्यात पोहे टाकले. बाहेर कॅप्टनने वेगळाच पराक्रम केला. आपल्याकडे कुठलीही टुर्नामेंट नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून त्याने नारळ आणला होता आणि तो थेट पिचच्या मधोमध फोडला. आठवडाभर रोलर फिरवून सुकवलेली काळी माती, आणि तिच्यावर नारळाचं पाणी! मी झारा हातात घेऊनच धावले. त्याला म्हटलं, "अरे शहाण्या, देवाला कठडा चालला नसता का?" आजोबा काठी टेकत आले, त्या ओल्या डागाकडे बघितलं, आणि म्हणाले, "जाऊ दे. घराच्या बाजूने आजवर देव कधी खेळला नव्हता."

तेवढ्यात ओकच्या रांगेतून आमचीच गाडी आत आली. आतून नवरा उतरला, डोळे लाल. त्याला रात्री हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. कुणाला न उठवता तो गेला होता आणि आता परतत होता. "इमर्जन्सी सिझर," तो जांभई देत म्हणाला. "आई-बाळ मस्त. नो वरीज, टाइमवर आलो ना?"

कॅप्टन बोटांवर माणसं मोजायला लागला. त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

आजोबा पॅव्हेलियनच्या पायरीवर बसले. "कधी गेलास?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने सांगितलं, दिवे मालवल्या मालवल्या. पाठही टेकली नव्हती. खोटं बोलणं सहज शक्य होतं, पण आमचा हा माणूस त्या बाबतीत अगदीच कुचकामी आहे. आजोबांनी मान हलवली. "बाळ आलं, चांगलं झालं," ते म्हणाले. "पण मग घराचे दहाच आहेत."

त्यांची मुलगीच पुढे झाली. म्हणाली, "डॅड, कुणाचंही काही म्हणणं नाही. खेळू दे त्याला."

"माझं म्हणणं आहे," आजोबा म्हणाले.

ती तिथेच रडायला लागली. इतके महिने तिला जे हवं होतं ते आयतं हातात आलं होतं, आणि ते असं यावं, हे तिला सहन होईना. आजोबा नुसते ग्राउंडकडे बघत बसले. मला दोघांचाही भयंकर राग आला. राग आला की मला नीट दिसतं, हा माझा एक गुण आहे.

"आणि ही?" मी मुलीकडे बोट केलं. "ही काल रात्री कुठे झोपली होती? झाडावर?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं.

"मला बॅट कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही, मी चालते. मग घरच्या मुलीचं काय?"

जन्मापासून ती त्या छपराखाली झोपलेली. दर मॅचला तिने काकडीची सँडविचं कापली, स्कोअर लिहिला, पाणी नेलं. टीममध्ये तिला कुणी धरलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला धरलं नव्हतं. आता खेळली तर बाप या घरात राहणार, पुन्हा त्या पायऱ्या, पुन्हा ती काळजी. नाही खेळली तर दुपारपर्यंत सामान बांधता आलं असतं. तिने नाक पुसलं, माझ्या नवऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "तुझे ग्लव्ह्ज दे."

आम्ही सडकून हरलो. तो नारळाचा डाग मात्र कामी आला. गावाच्या सर्वांत भारी बॅट्समनला टाकलेला बॉल तिथे पडून असा खाली राहिला की तो बोल्ड झाल्यावरही वाकून जमीन बघत होता. शेवटी बॅटिंगला मी आणि ती. बॉल तिच्या पायाला लागला आणि गावाने अपील केलं. अंपायर आजोबाच होते. त्यांनी पोटच्या मुलीकडे बघितलं आणि शांतपणे बोट वर केलं. ती हसत हसत माघारी गेली. चहाच्या वेळी त्यांना म्हणाली, "राहा इथे. पण मागच्या पायऱ्यांना उद्याच रेलिंग बसतंय." ते म्हणाले, "यस, कॅप्टन."

पुढचा हिवाळा त्यांनी त्याच घरात काढला. नंतर गुडघ्यांनी दगा दिला, आणि उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी स्वतःच मुलीला फोन केला. शब्दाने अडकवलं नव्हतं, कुणी आग्रह केला नव्हता. घर विकलं गेलं. घेणाऱ्याने ग्राउंडवर ज्वारी पेरली. काळ्या मातीत ती जोरात आली, ते बघून मला बरं वाटलं आणि वाईटही.

एप्रिल आला तेव्हा कॅप्टनने विचारलं, "मॅचचं काय करायचं गं?" मी म्हटलं, ग्राउंड काउन्सिलचं मिळेल, घराचं बघते मी. आमचं घर साधं, चार बेडरूमचं, नव्या वस्तीतलं, शेजारच्याच्या गॅरेजला खेटून. शुक्रवारी नवरा आजोबांना वृद्धाश्रमातून घेऊन आला आणि मुलाच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं. त्या आठवड्यात त्याने ऑन-कॉल बदलून घेतला होता. सिडनीहून त्यांची मुलगी आली आणि टीव्हीसमोरच्या गादीवर झोपली. दुसरीकडे झोपली असती तर तिला खेळता आलं नसतं.

सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर आजोबा काठी धरून हॉलच्या दारात उभे होते. खाली सगळे अस्ताव्यस्त घोरत पडले होते, आणि ते एकेकाकडे बोट करत मोजत होते. नवऱ्यापाशी ते जास्त वेळ थांबले, हा आहे ना याची खात्री केली. शेवटच्या गादीपर्यंत दहाच भरले. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि ते बोट माझ्यावर रोखलं.

मी ट्रे खाली ठेवला आणि बूट शोधायला गेले.