आम्ही वणीवाले

आमच्याकडं सोयरीक जुळवायला पाहुणे आले की पाणी देऊन होत नाही तोच कोणीतरी विचारतं, "मूळ गाव कोणतं?" पन्नास वर्षं मी एकच उत्तर दिलं. आम्ही वणीवाले. सारा जन्म बोरी अरबच्या बाजूच्या, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात गेला, वावर इथं, मसणवटाही इथंच, तरी मी वणीवाला. गावात कोणाशी बोलाचाली झाली तर म्हणायचो, "आम्ही तुमच्यासारखे इथले नाही."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाप मी लहान असतानाच गेला. मागं राहिली टिनाची एक नळी, अन् तिच्यात आज्याच्या नावाचा वावराचा जुना कागद. अर्धा वाळवीनं खाल्लेला. आज्याचं नाव शाबूत होतं, 'मौजे'च्या पुढं गावाचं एकच अक्षर उरलं होतं, तालुक्याच्या जागी भोक, अन् खाली स्वच्छ 'जिल्हा वणी'. मी तिसरीत होतो. त्याच वर्षी शाळा सुटली. पण तेवढं मी माझ्या डोळ्यानं वाचलं होतं, अन् जे आपण स्वतः वाचलं ते खरंच, असा माझा स्वभाव. आजा वणीचा, बापही तिकडंच जन्मला असंन, मग इकडं आले, असं मीच ठरवून टाकलं.

गेल्या साली नातीचा गुरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला. आमच्या घरात एवढी शिकलेली ती पहिलीच. लहानपणापासून बकरी विणार असली की ही शाळा बुडवून तिथं बसणार. नंबर लागला तो जातीच्या जागेवर. त्यासाठी पडताळणीचा दाखला ठरल्या तारखेच्या आत द्यायचा, नाही तर जागा गेली. पडताळणीला जुना पुरावा लागतो. माझ्या शाळेचं रजिस्टर राहिलं नव्हतं, जन्म मामाच्या गावचा, तिथंही नोंद नाही. मग राहिलं कोतवाल बुक. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते कोतवाल लिहून ठेवायचा, त्यात बापाचं नाव अन् जात. माझ्या बापाच्या जन्माची नोंद सापडली की काम झालं.

सून म्हणाली, "मामाजी, आधी दारव्ह्याले पाहू ना. आपल्या गावाचे बुकं तिथंच राह्यते."

"दारव्ह्याले कायले? माहा बाप वणीचा."

"पण कागदावर जे अक्षर उरलं हाय, आपल्या गावाचंबी पह्यलं अक्षर तेच हाय."

"तू मले वाचाले शिकवतं का आता?" मी म्हणालो. पोरगा दारात उभा होता. तो माझ्यापुढं बोलत नाही.

पहाटेच्या एसटीनं यवतमाळ, तिथून मारेगाववरून वणी. कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ धोतरावर. तिथला बाबू तरणा होता, पण वागायला चांगला. त्या अक्षराची त्यांच्या तालुक्यात होती नव्हती तेवढ्या गावांची बुकं त्यानं काढली. आज्याचं नाव कुठंच नाही.

"आजोबा, तुमचे लोक आमच्या तालुक्यातले वाटत नाहीत."

"माहा कागद तुह्या बुकापेक्षा जुना हाय."

"म्हणूनच म्हणतो. यावर जिल्हा लिहिलाय. वणी जिल्हा आता कुठंय? एकदा जुन्या माणसाला दाखवा."

मला वाटलं, टाळतो आहे. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, नोंद तर मिळालीच पाहिजे या हट्टानं. नंतर तिसऱ्यांदा. मधल्या काळात नात रोज एवढंच विचारायची, "आबाजी, मिळालं?" मी म्हणायचो, मिळते. तिसऱ्या वेळी बाबूनं लेखीच दिलं, नोंद आढळली नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेनं मला न विचारता नळी उचलली अन् नातीला घेऊन दारव्ह्याच्या गाडीत बसली. मी त्याच गाडीत चढलो, भांडायला. रस्ताभर भांडलो. सून खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

तिथला जुना बाबू चष्म्यावरून कागद पाहून हसला. "कोण म्हणते तुम्ही वणीचे?"

"लिहिलं हाय तिथं."

"अहो, तवा या साऱ्या जिल्ह्याचंच नाव वणी होतं. कचेरी यवतमाळात, नाव वणीचं. मंग नाव बदललं, यवतमाळ झालं. वणी राह्यला निस्ता तालुका. दारव्हा त्याच जुन्या वणी जिल्ह्यात होता. तुमचा आजा कुठून आला नाही अन् कुठं गेला नाही."

एका तासात त्यानं आमच्याच गावचं बुक काढलं. आज्याचं नाव, पुढं 'कुणबी', मुलगा जन्मला. तो मुलगा म्हणजे माझा बाप. बापाचा जन्म ज्या गावात, त्याच गावात मी आयुष्यभर वणीवाला म्हणून मिरवलो.

नातीनं नोंदीवर बोट ठेवलं अन् हळूच मोजलं, तारखेला चार दिवस बाकी. नक्कल निघाली, अर्ज गेला, पण पडताळणी चार दिवसांत होत नाही. कोणाची चूक काढणार? सुनेचं ऐकलं असतं तर महिना-दीड महिना हातात होता. जागा दुसऱ्याला गेली. यंदा तिनं परीक्षा पुन्हा दिली, मार्क कमी पडले.

दाखला आला तो दिवाळीनंतर. सून म्हणाली, "आता तिच्या लहान भावाले सोपं जाईन. घरात एकाचं झालं की बाकीच्यांचं होते." ते खरंच आहे. नातीनं दाखला वाचला, नळीत आज्याच्या कागदाशेजारी ठेवला अन् झाकण लावलं. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

या उन्हाळ्यात तिलाच पाहायला पाहुणे आले. चटईवर बसले, पाणी झालं, अन् एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "मूळ गाव कोणतं म्हणाले तुम्ही?"

मी कोपऱ्यातल्या नळीकडं पाहिलं. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनंच सांगितलं, "इथलंच. आम्ही कुठूनच आलो नाही." मग वाकून पहिला कप माझ्यापुढं ठेवला.