जाऊ, नणंद आणि बेल

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण सासूबाईंनी मला कधी ‘माझी सून’ म्हटलं नाही. पाहुण्यांनाही सांगायच्या, ‘आमच्या झिलाची बायल’, म्हणजे मुलाची बायको. मला ते लागायचं, आणि एवढ्याशा गोष्टीचं लागतं म्हणून स्वतःचाच रागही यायचा.

धामापूरच्या तळ्याजवळ आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो. फ्रेंच पाहुण्यांशी हातवारे करून मी दमले आणि फोनवरून त्यांची भाषा शिकायला लागले. पहिल्या तोंडी परीक्षेचा विषय होता ‘माझं कुटुंब’. रेंज फक्त पडवीत, आणि पडवीत सासूबाई कोकमासाठी रतांबे फोडत बसलेल्या.

“सकाळधरना बेल बेल करतंस, म्हादेवाक घालूचो आसा काय?”

मी सांगितलं, फ्रेंचमध्ये सासूला बेल-मेर म्हणतात. शब्दशः सुंदर आई.

त्यांचा हात थांबला. “सगळ्यांच्या सासवांका म्हणतत, काय माका बघून?”

“सगळ्यांच्या.”

त्या जरा हिरमुसल्या. “आणि नणंदेक?”

“बेल-सर.”

“जावेक?”

“तिलाही बेल-सर.”

“श्या! दोघी एकच? मगे एकीचा गाऱ्हाणा दुसरीकडे सांगूचा कसा?”

सुनेला बेल-फीय म्हणतात, सुंदर मुलगी, हेही मी सांगून टाकलं. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि पुढचा रतांबा उचलला.

मी पाठ केलेलं वाक्य होतं, ‘माझी सासू फार कडक आहे.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. पण परीक्षेच्या दिवशी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून थेट माझ्या शेजारी येऊन बसल्या. “माझी बेल-मेर...” म्हणून मी जी अडकले, ती अडकलेच. फोनवरच्या परीक्षक बाई वाट बघत होत्या.

सासूबाईंना दम धरवेना. स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्यांनी ठणकावलं, “बेल-मेर!” मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. “माजी बेल-फी!”

बाई हसत सुटल्या. पुढची वाक्यं मी कशी बोलले ते मला आठवत नाही, पण पास झाले.

आता त्या सगळ्यांना ऐटीत माझी ओळख ‘बेल-फी’ म्हणूनच करून देतात. परवा शेजारणीने विचारलं, “म्हणजे काय गो?”

सासूबाई तिच्यावर डाफरल्या, “सून गो! माजी सून!”