चोरलेला श्वास

बाळांनो, डिसेंबरात आमचं चर्च इतकं गार असतं, की गाण्याच्या सरावात प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघताना दिसते. यंदा नाताळच्या आधी एका सरावात ‘शांती’मधला ‘शां’ लांबवताना माझी वाफ मध्येच संपली. बाकीच्यांची चालूच होती. तेव्हापासून एकच विचार: नाताळच्या उपासनेत असंच झालं तर?

गाणं बसवणाऱ्या मीराबाई म्हणाल्या, “मावशी, सूर लांबत असताना मध्येच श्वास चोरून घ्या. फक्त शेजारणीबरोबर नको. दोघी एकदम चोरायला गेलात तर पकडल्या जाल!”

सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. पूर्वी तो सूर मी एका दमात नेत असे.

नाताळच्या सकाळी तो शब्द आला आणि छाती रिकामी झाली. शेजारच्या रूथने कोपराने खुणावलं. मी गप्प होऊन श्वास घेतला. सूर माझ्यावाचूनही तसाच चालू होता. आपण थांबलो तरी गाणं थांबत नाही, याचा आनंद व्हायला हवा. मला आधी भीतीच वाटली. पण लगेच पुन्हा सुरात शिरावं लागलं, कारण आता रूथला श्वास घ्यायचा होता.