थांबलेली मेंढरं

दिवाळी झाली आणि आमच्या मैलूरच्या घरात रोज दुपारी मेंढरं थांबायला लागली. खरी मेंढरं नव्हेत. ती अप्पांनी गुडघे गेल्यावर विकून टाकली. ही टीव्हीतली. कळपाच्या शेवटच्या वर्षात मी कॅमेरा घेऊन अप्पांच्या मागं हिंडले होते, मांजरेच्या काठानं, माळामाळानं, आणि रोजची चाल टिपून ठेवली होती. तेव्हा ती नुसती हौस होती. पुढं अप्पांची आठवण विरत गेली आणि त्या हौसेचं औषध झालं.

अप्पा माणसं विसरले, जेवण झालं की नाही तेही विसरले, पण टीव्हीवर कळप चालायला लागला की खाटेवर मांडी घालून दोन-तीन तास शांत बसायचे. थोडं चित्रण पेन ड्राइव्हवर टाकून मी भागवू पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काल ह्याच ओढ्यावर होतो की. पुढं कामून जाईनात?" पोटच्या लेकीचं नाव आठवत नाही आणि कळपाची कालची चाल आठवते! मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. मग सगळं चित्रण ओळीनं चालावं म्हणून मी घरातच एक साठवणीचा सर्व्हर उभा केला. जुना कॉम्प्युटर, त्यात आठ हार्डडिस्क, आणि त्या आठांना एका दाव्याला बांधणारं एक कंट्रोलर कार्ड, हैदराबादहून सेकंडहँड आणलेलं. हा डबा टीव्हीखाली, अप्पांच्या खाटेपासून हातभर अंतरावर.

तो डबा अडखळायला लागला. चित्र गोठायचं. एक पाय उचललेली मेंढी तशीच उभी. आणि अप्पा उठायचे. "थांबल्यात. लांडगा असंल. बघून येतो."

एकदा मी कंपनीच्या कामाच्या फोनवर होते तेवढ्यात ते निघून गेले. चार तासांनी सापडले ते मन्नाएखेळ्ळीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, अनवाणी. एका चहावाल्यानं बाकावर बसवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "अक्का, हे हात करून ट्रक थांबवायले होते. मेंढरं आडवी जायलीत म्हणून."

दुसऱ्याच दिवशी माझी थोरली बहीण राजेश्वरहून आली आणि तिनं माझ्या हातात एक लोखंडी कडी ठेवली, स्क्रूसकट. "दाराला बाहेरून लाव. तुझी नोकरी अन् ह्यांची राखण, दोन्ही व्हायचं न्हाई." मी म्हणाले, आधी मशीन नीट करते, मग बघू. कडी टीव्हीच्या फळीवर ठेवून दिली. जन्मभर उघड्या माळावर झोपलेल्या माणसाला कोंडणं माझ्या हातून होईना. पण तो ट्रकसुद्धा डोळ्यांसमोरून हलेना.

असली मशीनं दुरुस्त करायचाच मला पगार मिळतो. घरच्या डब्यापुढं मात्र अक्कल गहाण पडली. केबल बदलल्या. डिस्क एकेक करून तपासल्या, आठही धडधाकट. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं, त्यात नवं सॉफ्टवेअर घातलं. विकणाऱ्याला फोन करून नाही नाही ते बोलले. तो बिचारा म्हणाला, "कारड अच्छाच है अम्मा, तुम जरा ठंडे दिमाग से देखो." मी फोन आपटला.

सगळ्यात संताप यायचा तो याचा, की डबा ओसरीवरच्या टेबलावर नेऊन उघडला की दिवसभर तक्रार नाही. आत आणून जागेवर ठेवला की अर्ध्या तासात लंगडायचा. मी भिंतीतल्या विजेवर खापर फोडलं, वायरमन बोलावून सॉकेट बदलून घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

दर वेळी डबा उचलायच्या आधी अप्पांची काळी घोंगडी बाजूला करावी लागायची. ती घडी घालून डब्याच्या पुढ्यात टेकवलेली असायची. आमच्यात घोंगडीला पाय लागू देत नाहीत. चुकून लागलाच तर हात लावून तो कपाळाला लावायचा. म्हणून मी ती दोन्ही हातांनी उचलायची, कपाळाला टेकवायची, खाटेवर ठेवायची. आणि काम झालं की होती तिथं, होती तशी परत लावायची. इतक्या अदबीनं, की घडी मोडू द्यायची नाही.

एका दुपारी चित्र पुन्हा गोठलं आणि माझं डोकं फिरलं. डबा चालू असतानाच मी त्याचं बाजूचं झाकण काढलं आणि कार्डाला बोट लावलं. असा चटका बसला की बोट तोंडात घालून बसले. असलं कार्ड तापलं की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतं. त्याला स्वतःचा पंखा नसतो, डब्याच्या पुढच्या जाळीतून आत येणाऱ्या वाऱ्यावर ते जगतं. ही गोष्ट मी नव्या पोरांना शिकवत आले आहे. मी जाळी बघायला वाकले, तर समोर घोंगडी.

मी ती ओढली तसे अप्पा खाटेवरून ओरडले, "ठेव ती! वारं शिरायलंय आत. कोकरं गारठतील."

थंडीत मेंढरं कोंडायच्या वाड्याच्या जाळीला वाऱ्याच्या बाजूनं घोंगडी लावायची, ही त्यांची जन्माची सवय. इथं त्यांना जाळी दिसली, आत ओढला जाणारा वारा हाताला लागला, त्यांनी घोंगडी लावली. आणि दोन महिने ती परत परत लावणारी मी.

मी ओरडले, "अप्पा, त्यात कोकरं न्हाईत! पत्रा हाय, पत्रा!"

ते दचकले. मार खाल्लेल्या लेकरासारखे माझ्याकडं बघत राहिले. मला माझीच शिसारी आली. चूक माझी होती आणि ओरडा त्यांना बसला होता.

मी खाटेवर त्यांच्याजवळ बसले. म्हणाले, "अप्पा, ऊब लई झाली. आत गुदमरायलीत कोकरं. जरा वारं लागू द्या."

ते डब्याकडं वाकले. "दाटी झाली व्हय? माझ्या ध्यानात कामून आलं न्हाई?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग हळूच विचारलं, "मेली का गं एखादी?"

"न्हाई अप्पा. समदी हाईत."

त्यांनी घोंगडी आपल्या मांडीवर ओढून घेतली. थोड्या वेळानं टीव्हीतल्या मेंढीचा उचललेला पाय खाली आला आणि कळप चालायला लागला. फळीवरची कडी तशीच होती. ती मी आजही फेकलेली नाही. उद्या दुसरं काहीतरी बिघडेल आणि ते पुन्हा उठतील, ही धास्ती जात नाही.

अप्पा कळपाकडं बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले. "मेंढरातलं कळतंय गं तुला. राहतीस का आमच्याकडं?"

लग्न मोडून मी बॅग घेऊन या दारात आले तेव्हा मला कुणी हाकललं नव्हतं. पण राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं, अप्पांनीसुद्धा नाही. इतकी वर्षं मी या घरात कुणी न विचारताच राहत होते. मला रडू आवरेना.

"राहते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि मग काळजीनं विचारलं, "बापाला इचारलंस का?"

"इचारलं," मी म्हणाले. "व्हय म्हणाले."