पत्र्यावरचा दगड

वैशाखातल्या दुपारी नवीन जालन्याहून टेंभुर्णीची एसटी धरली. आदल्या दिवशी वावटळीनं ताईच्या घराचे पत्रे उडाले आणि पत्र्यावरचा दगड तिच्या सासूबाईंच्या गुडघ्यावर पडला, एवढं फोनवर कळलं होतं. कोणता दगड, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गावाच्या तोंडाशीच एक पत्रा बाभळीत चुरगळून अडकला होता. लिंबाची दोन मोठी झाडं मुळासकट आडवी. ताईचं घर वर उघडं, आणि शेजारणीची दोरीवरची लुगडी मात्र जागच्या जागी.

"नांगरल्या रानात धुळीचा खांब उठल्ता," ताई म्हणाली. "म्हणलं, जाईल निघून. मंग वर काळं आभाळ आलं अन् तो घराकडंच वळला."

मी शाळेत भूगोल शिकवतो. जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला चहूकडून हवा धावते आणि गरगर फिरत उभी राहते. वरून ढगाची ओढ मिळाली की तिचा जोर वाढतो. असा वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. फळ्यावर दरवर्षी बाण काढून हे सांगणारा मीच दिवाळीत पत्रा वाजतो म्हणून शिडीवर चढलो आणि दगड ठेवून आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

सासूबाई खाटेवर होत्या, पाय प्लास्टरात.

"भाऊ, डॉक्टर म्हणला, पाय आता वाकत न्हाई. मंग मी चुलीपुढं बसू कशी?"

"मावशी, तो दगड मी ठेवला होता."

"ठाव हाय. मीच म्हणल्ते, ठेव. तू कामून रडून राह्यला?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताईनं भाकरी वाढली. पिठात धूळ गेली होती, घास दाताखाली करकरला. मी तसाच गिळला.

चारच्या सुमारास पुन्हा आभाळ भरून आलं. रानातून गोळा केलेले पत्रे भावजींनी मी आल्यावर वर नुसते टाकले होते, आणि ते अजून वरच होते. मिस्त्री आठ दिवस मोकळा नव्हता, दुकानातली तारही सकाळीच संपली होती.

"यांना दगड दे वर," ताई म्हणाली.

"ताई, पुन्हा दगड?"

"दुसरं काय हाय?"

दिला. तोच. मग मावशींची खाट त्याच्याखालून ओढून दुसऱ्या कोपऱ्यात लावली. तिथं वर भावजींनी दुसरा दगड ठेवला होता.

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं, पत्र्यांवर दगड. जन्मभर बघत आलोय मी ते. त्या दिवशी मात्र प्रत्येक दगडाखाली कोणाची तरी खाट दिसत होती, आणि त्यातला एक दगड मी माझ्या हातानं पुन्हा चढवून आलो होतो.