सळया न सोडलेलं घर

बाबा कारखान्यातून रिटायर झाले आणि आमच्या खोलीत रिकाम्या बाटल्या जमायला लागल्या. खोली म्हणजे उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या चाळीतली एकच खोली. तिच्यात बाबा, मी, माझी बायको, आमचं लहान पोर आणि ताई. बाबा संध्याकाळी फिरून येताना काखेत एखादी बाटली घेऊन यायचे. कधी औषधाची, कधी सरबताची, कधी सरळ दारूची. नळावर नेऊन धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि गोणपाटात टाकायचे.

शेजारच्या काकू एकदा नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय बाबा, पोरगा नोकरीला लागला म्हणून आता सुरू केली वाटतं?"

"मी नाही गं पीत," बाबा म्हणाले, "माझं घर पिणार आहे."

बदलापूरला हेंद्रेपाड्यात बाबांनी फार पूर्वी हप्त्याहप्त्याने प्लॉट घेऊन ठेवला होता. आता फंडाचे पैसे आले होते. तिकडे त्या काळात नवं घर झालं की स्लॅबवर लोखंडी सळयांचे झुपके उभे दिसायचे. पुढे कधीतरी वरचा मजला चढवता यावा म्हणून कॉलमच्या सळया वर काढून ठेवत, आणि पावसात गंजू नयेत म्हणून एकेका सळईवर बाटली उपडी घालत. बाबांना ते दृश्य फार आवडायचं. ज्याच्या घरावर बाटल्या, त्याचं अजून काहीतरी व्हायचं आहे, असं त्यांना वाटत असावं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेली आणि काही वर्षांनी एका पेटीसकट परत आली. का आली ते आम्ही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. खिडकीशी शिलाई मशीन टाकून ती कॅम्पातल्या एका कारखान्याच्या पँटी शिवायची. रात्री मशीन सरकवून त्याच जागेत झोपायची. तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मी तिच्या कौतुकासाठी सांगत नाही. न मागणाऱ्या माणसाला न देणं किती सोपं असतं, हे मला माहीत आहे म्हणून सांगतो.

घरासाठी तीन ठेकेदारांचे भाव आले. एक, बाबांच्या ओळखीचे कॅम्पातले सिंधी शेठ. त्यांचे बहात्तर हजार. दुसरा, बदलापूरचाच एक मिस्त्री, मी शोधलेला. त्याचे चव्वेचाळीस. तिसरा, बाबांच्या जुन्या सोबत्याचा जावई, अंबरनाथचा. त्याचे अठरा.

घर तेच, प्लॉट तोच. बाबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नीट दिसत नव्हतं. तिन्ही कागद हातात घेऊन ते पत्त्यांसारखे पिसत बसले. "अरे, अठरा हजारात घर होतं तर शेठ बहात्तरचं काय बांधतोय? महाल?" मग माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तू शिकलेला. तूच सांग."

मी तेव्हा एका ऑफिसात क्लार्क होतो. बांधकामातलं मला शष्प कळत नव्हतं. कागद वाचून वाचून माझी झोप गेली. कुणी फुटात लिहिलेलं, कुणी ब्रासमध्ये, कुणी नुसतं 'कंप्लीट'. कुणाला विचारावं तर ज्याला विचारू तो आपला मेहुणा पुढे करायचा. शेवटी अठरावाल्याचं कोडं सुटलं. त्याने फक्त मजुरी धरली होती. विटा, सिमेंट, लोखंड, रेती सगळं आपलं. मी बाबांना ते सांगितलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले. ताईला म्हणाले, "बघ, पकडलं की नाही? हा नसता तर मी फसलो असतो."

ताई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "त्याला सगळं पकडता येतं. लहानपणी फक्त उंदीर पकडता येत नव्हता."

त्या दिवशी बाबांचा माझ्यावर जो विश्वास बसला, तो मी पुढे वापरला.

शेठ आणि मिस्त्री यांच्यात एवढा फरक का, ते विचारायला मी एकटाच शेठच्या दुकानात गेलो. त्यांनी थंडा मागवला. म्हणाले, "साईं, मेरा रेट ज्यादा नहीं है. तुमच्या बाबांनी मला सांगितलंय, ऊपर एक कमरा चढाना है, बेटी के लिए. आज नाही, दोन-चार वर्षांनी. म्हणून मी पायाचं फुटिंग खोल धरलंय, आठ कॉलम धरलेत, ऊपर सळया सोडणार. नदीच्या बाजूची काळी माती आहे तिथली. बिना कॉलम ऊपर नहीं जा सकते."

मी म्हटलं, "कॉलम काढले तर?"

"तो मैं भी पचास में कर दूँगा. मगर पिताजी को तुम बोलो. मी शब्द दिलाय."

म्हणजे भाव वेगळे नव्हते, घरं वेगळी होती. बाबांनी शेठना एक घर सांगितलं होतं आणि मी मिस्त्रीला दुसरं. बाबांनी वरच्या खोलीचं मला का सांगितलं नाही, तेही मला तिथेच कळलं. एका खोलीत सून चहा करत असताना परत आलेल्या मुलीसाठी खोली मागायची कशी? परक्या माणसाला सांगणं त्यांना सोपं गेलं.

दुकानातून घरापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. मी तासभर फिरत राहिलो. पैसे कमी पडत होते, हे खरं. फंडात बहात्तर बसत नव्हते. पण ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज मिळालं असतं, हेही खरं. इतकी वर्षं मी स्वतःला पहिलं खरं सांगत आलो. दुसरं आज लिहितो. वर खोली झाली असती तर ताई कायमची आमची झाली असती. माझ्या मनात कुठेतरी होतं की ती परत जाईल, किंवा कुणीतरी दुसरेपणी विचारेल, आणि आमचं घर म्हणजे मी, बायको आणि मूल असं राहील. बायकोचं नाव पुढे करणं सोपं आहे, पुष्कळांनी मनात तेच धरलंही असेल. तिने कधी एक शब्द काढला नव्हता. हे माझं एकट्याचं होतं.

मिस्त्रीला भेटायला गेलो तेव्हा त्याने पाय रोवून प्लॉटची माती दाबून पाहिली आणि विचारलं, "वर काय चढवायचा नाय ना? नायतर पाया येगळा घालाया लागंल. आताच सांगा."

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं राहिलं.

घरी बाबांनी विचारलं, "काय म्हणतो शेठ?"

"लुटतोय," मी म्हणालो. "म्हातारा माणूस बघून वाढवून लावलंय. मिस्त्रीचं बरोबर आहे."

बाबांनी शेठचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. शेठची आणि त्यांची तीस वर्षांची ओळख होती. मग हळूच म्हणाले, "मिस्त्रीच्यात सगळं धरलंय ना? सळया सोडेल ना?" बायको स्टोव्हपाशी होती. ताई समोर होती. बाबांना यापुढे बोलता येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

"सोडतील की," मी म्हणालो.

कामाच्या पहिल्या दिवशी मिस्त्रीने नारळ आणला होता. बाबांनी त्याला तो बाजूला ठेवायला लावला, मेणबत्ती लावली आणि सगळ्यांकडून त्रिशरण म्हणून घेतलं. ताईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आठवड्याने बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी धूळ वर्ज्य केली. ते चाळीत डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडून असत. मी रविवारी साइटवरून आलो की विचारत, "कॉलम उभे राहिले?" मी म्हणायचो, "काम चालू आहे." कॉटखालून गोणपाटाचा आवाज यायचा. ते चाचपून बाटल्या मोजत.

आपण सांगायला हवं, हे मला रोज वाटायचं. पाया भरेपर्यंत सांगता आलं असतं. जोत्याच्या वर भिंती गेल्यावर सांगून काय, असं वाटायला लागलं. दारं-खिडक्यांवरचं लिंटेल झाल्यावर तेही वाटेनासं झालं. घर वर येत होतं आणि मी त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखा बघत होतो.

स्लॅब पडल्यानंतरच्या रविवारी बाबा हट्टाने निघाले. काळा चष्मा, खांद्यावर गोणपाट. बसमध्ये बाटल्या वाजत होत्या तशी माणसं वळून बघत होती, आणि बाबा खुशीत होते. मिस्त्रीने स्लॅबवर मातीचे बांध घालून पाण्याची तळी केली होती. ताई आधीच शिडीने वर जाऊन बादलीने पाणी घालत होती. बाबाही चढले. मी मागून त्यांचा पाय धरून होतो.

वर स्लॅब सपाट होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं पाणी.

बाबांना वाटलं, आपल्यालाच दिसत नाही. ते पाण्यातून चालत चारही कोपऱ्यांत गेले, हात पुढे करून हवेत चाचपत. मग कडेला बांध नीट करणाऱ्या मिस्त्रीला म्हणाले, "सळया कुठे सोडल्या?"

"कसल्या सळया, बाबा? कॉलम कुठायत घराला? हा भिंतींवरचा स्लॅब. तुमच्या पोराला इचारलेलं मी."

"मग माझ्या मुलीची खोली कशावर उभी राहणार?"

ताईच्या हातात भरलेली बादली होती. तिला हे माहीतच नव्हतं. वडिलांनी आपल्यासाठी खोली धरली होती, आणि ती आता होणार नाही, या दोन्ही गोष्टी तिला एका वाक्यात कळल्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी शिडीच्या टोकाशी उभा होतो, वर येऊ की खाली जाऊ ते न कळून. तिने बादली शांतपणे रिकामी केली.

"बरं झालं," ती म्हणाली. "एवढा जिना रोज कोण चढणार?"

मिस्त्री हसला. बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मला ओरडले असते, मारलं असतं तर मी निदान काहीतरी उत्तर दिलं असतं. शेठकडे मात्र ते एकदा जाऊन आले. काय बोलले माहीत नाही. दिवाळीत शेठकडून मिठाईचा पुडा आला. तो मी उघडला नाही.

आम्ही राहायला गेलो. ताईने अंगणात अबोलीचा वाफा केला आणि त्या सगळ्या बाटल्या उपड्या करून वाफ्याभोवती मातीत रोवल्या. बाबा संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे. शेवटपर्यंत बसले.

बाबा गेल्यावर मुलांची अभ्यासाची, झोपायची अडचण व्हायला लागली. ताईचं मशीन बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या पडवीत गेलं. सरकव असं कुणी म्हणालं नाही, तीच सरकवत गेली. एक दिवस म्हणाली, सोनिवलीला नवीन बिल्डिंगमध्ये भाड्याने जागा बघितलीय. मी म्हटलं, "कशाला?" तेवढंच म्हटलं. नको जाऊस, असं म्हटलं नाही.

सामान टेम्पोत मावेल एवढंच होतं. जागा दुसऱ्या मजल्यावर. मशीनचं वरचं धूड मी उचललं, पट्टा आणि तेलाचा डबा तिने घेतला. पहिल्या वळणावर मी टेकलो. आता सांगावं असं वाटलं. शेठचं, मिस्त्रीला दिलेल्या उत्तराचं, सगळं. तिला ते ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं.

"सावकाश," ती वरच्या पायरीवरून म्हणाली. "अजून एक जिना आहे."

मी मशीन परत उचललं. वर गेल्यावर तिने कुलूप काढलं. खोलीत चुन्याचा वास होता आणि काहीच नव्हतं.

"कुठे ठेवू?" मी विचारलं.

"खिडकीशी," ताई म्हणाली.